चार आण्याच्या डब्यातली चांदी कशी ओळखायची

आधी एक स्पष्ट सांगतो, भाजीवाल्यानं परत दिलेल्या चिल्लरमध्ये चांदी शोधत बसू नका. चिल्लरमध्ये चांदी सापडते असे जे व्हिडिओ फिरतात ते अमेरिकेचे असतात, तिकडं १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर (दहा आणि पंचवीस सेंटची नाणी) ९० टक्के चांदीचे होते, आकार अजून तोच आहे म्हणून चुकून एखादा गल्ल्यात फिरत येतो. आपले आत्ताचे रुपया-दोन रुपये स्टीलचे, त्यात काही नाही.

आपल्याकडं चांदी अडकलीय ती बंद झालेल्या चिल्लरमध्ये. २०११ च्या जूनअखेर चार आणे चलनातून गेले आणि सांगलीत घराघरात, पेठेतल्या जुन्या दुकानांच्या गल्ल्यात, देव्हाऱ्याखालच्या डब्यात ते तसेच पडून राहिले. आता गंमत बघा, इंग्रजांच्या काळातली चांदीची पावली म्हणजे पण चार आणेच, आणि तिचा व्यास साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे नंतरच्या २५ पैशाएवढाच. नाव एक, आकार एक, त्यामुळं आज्जीच्या बटव्यातली पावली २५ पैशाच्या ढिगात गेली की कुणाला कळत नाही. अधेली म्हणजे आठ आणे, ती जुन्या स्टीलच्या रुपयात मिसळते. बंदा रुपया, म्हणजे त्या काळातला चांदीचा पूर्ण रुपया, मोठा असतो, तो लगेच दिसतो, म्हणून तो बहुतेक घरात आधीच कुणीतरी उचललेला असतो.

डबा पेपरवर ओता आणि लोहचुंबक फिरवा. स्टीलचं चिकटतं, निकेलचं पण चिकटतं, म्हणजे १९४७ चा वाघाचा रुपया आणि पन्नासच्या दशकातले सिंहाचे रुपये, आठ आणे, चार आणे बाजूला गेले. जे चिकटत नाही ते चांदीच असं मात्र अजिबात समजू नका, १९७२ नंतरचे बरेच चार आणे तांबं-निकेलचे आहेत, ते पण चिकटत नाहीत. चुंबक फक्त 'नाही' सांगतो, 'हो' कधीच सांगत नाही.

उरलेल्यातनं राजा किंवा राणीचं डोकं असलेली वेगळी काढा. काळी पडलेली आधी बघा. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या आत्याच्या घरी डबा चार दिवस पाण्यात होता, चिखल धुतल्यावर स्टीलचे सगळे चकचकीत आणि मधे तीन काळ्या कुळकुळीत चकत्या, तिन्ही पावल्या निघाल्या.

मग साल वाचा. राणीछाप (म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे), एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे रुपये ९१.७ टक्के चांदीचे, वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा. अधेली ५.८३, पावली २.९२. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणारच, त्यानं घाबरू नका. सहाव्या जॉर्जचं १९३९ पर्यंतचं पण याच कसाचं, पण १९४० साली लढाईच्या काळात सरकारनं चांदी निम्म्यावर आणली, त्यामुळं १९४१ ते १९४५ ची सगळी ५० टक्केवाली. लहान चवल्या, म्हणजे दोन आणे, १९१७ पर्यंतच चांदीच्या, पुढच्या चौकोनी चवल्या तांबं-निकेलच्या.

आता खरी अडचण. नाणं खरं आहे का नकली, आणि १९४० सालचं असेल तर पूर्ण कसाचं का निम्म्या, हे कसं ठरवायचं? लोक सांगतात फरशीवर टाका, खणखणीत वाजलं की चांदी. निकेल पण खणखणीत वाजतं, आणि गळ्यात घालायला कडी लावलेला अस्सल राणीछाप बद्द वाजतो. बर्फ ठेवून बघा म्हणतात, तांब्यावर पण बर्फ तसाच भराभर वितळतो. हे सगळे उद्योग सोडा आणि पाण्यातलं वजन घ्या.

दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक तंगुसाला बांधा आणि पाण्यात अधांतरी सोडा. काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. चांगल्या कसाच्या चांदीला १०.३ च्या आसपास येतं, ५० टक्केवाल्याला साधारण ९.५, तांबं-निकेलला ८.९. उदाहरणार्थ रुपया ११.५२ भरला आणि पाण्यात काट्यानं १.१२ दाखवलं तर १०.२९, म्हणजे चोख.

वाचायला सोपं वाटतं पण मी यात मार खाल्लाय. आज्जीचा १९०७ चा एडवर्डचा रुपया, माझा हिशोब आला ८.८. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तेवढंच. नकली समजून बाजारात एका जुन्या वस्तूवाल्याला पन्नास रुपयात देऊन टाकला. दोन महिन्यांनी दुसऱ्या रुपयाला पण ८.९ आलं तेव्हा नीट वाकून बघितलं, नाण्याच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा हवेचा बुडबुडा चिकटलेला होता आणि कड ग्लासच्या तळाला किंचित टेकत होती. दोन्ही चुकांनी काटा जास्त दाखवतो, म्हणजे भागाकार कमी येतो. हे डोक्यात पक्कं बसवा, ही पद्धत चुकते ती बहुतेक वेळा चांदीच्या विरुद्ध चुकते, खऱ्याला खोटं ठरवते. तो रुपया परत मिळाला नाही, आणि आज्जीला मी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब टाका म्हणजे बुडबुडा धरत नाही, नाणं बुडवल्यावर दोरा हलवून झटका द्या. शिवणाचा दोरा नको, तो पाणी पितो. हातात धरून तर करूच नका, हात थरथरतो आणि आकडा नाचतो, दोन उंच डब्यांवर पेन आडवं ठेवून त्याला बांधा. तीन वेळा करा आणि सगळ्यात जास्त भागाकार आलेला धरा. एकट्या पावलीवर विश्वास ठेवू नका, तिथं ०.२८ आणि ०.३१ मधला फरक काट्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, त्याच राजाच्या त्याच सालच्या चार-पाच असतील तर एकत्र बांधून बघा. कडी लावलेल्या नाण्याला ही पद्धत लागू नाही, कडी जोडायला दिलेल्या डागामुळं हिशोब बिघडतो.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं राम-सीतेचं किंवा हनुमानाचं नाणं निघालं तर त्याच्यावर वेळच घालवू नका, कंपनीनं तसलं नाणं कधी पाडलंच नाही. कमळाच्या पिवळ्या २० पैशात सोनं नसतं. आणि जुनं नाणं लाखात घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलंय.

घासू नका! चिंच, राख, भांड्याची पावडर, काहीही नको. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी घासून घासून राणीचा चेहरा सपाट झालेले रुपये मी इतके बघितलेत की वाईट वाटतं. घासलेलं नाणं संग्रह करणारा घेत नाही, मग उरतो फक्त मोडीचा भाव. साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या, कागदाच्या पाकिटात ठेवा.

सराफ कट्ट्यावर नेणार असाल तर आधीच सांगा की ॲसिड लावायचं नाही आणि कसोटीवर घासायचं नाही, टंच मशीनवर, म्हणजे कस मोजणाऱ्या यंत्रावर, बघा. आपल्याकडं विटा-खानापूरची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारी, माणसं घराघरात ओळखीची असतात, त्यांच्यातल्या कुणाला तरी दाखवा, त्यांची नजर काट्यापेक्षा पक्की असते. पण नाणं त्यांच्या हातात देताना सालाचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढलेला असू द्या, म्हणजे वितळवायच्या आधी ते दुर्मिळ साल आहे का हे कुणाला तरी विचारता येतं. १९३९ चा बंदा रुपया मिळाला तर तो तर मोडीत घालायचाच नाही, तो फार कमी सापडतो.