बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे घ्या

सकाळी मोटरसायकलच्या सेल्फचं बटण दाबलं, नुसतं टक झालं, दोघांनी ढकलल्यावर गाडी चालू झाली. चौकातला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की आठ-पंधरा दिवस सुखाचे जातात आणि पुन्हा ढकलाढकली. चार्जिंगच होत नसेल तर नवी बॅटरीसुद्धा दुकानातून भरून आलेल्या चार्जवर तेवढेच दिवस काढते. म्हणून पैसे मोजण्याआधी व्होल्टेज तीनदा मोजायचं: गाडी बंद असताना, सेल्फ फिरत असताना आणि इंजिन चालू असताना. डिजिटल मल्टिमीटर, १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर एवढ्यावर हे काम ओसरीवर होतं.

मीटर लावण्याआधी कान लावा

रिले (बटण दाबल्यावर सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) टरटर वाजतो आणि दिवे मिणमिणतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच जोरात टक होतं आणि दिवे झगझगीत राहतात, तर करंट मोटरपर्यंत पोचत नाही किंवा मोटरचे कार्बन (आत करंट नेणारे ठोकळे) झिजले आहेत. मोटर सुसाट फिरते पण इंजिन हलत नाही, तर वन-वे क्लच (मोटरची फिरकी इंजिनला देणारा भाग) घसरतोय. त्यात बॅटरीचा काही दोष नाही.

काहीच आवाज नसेल तर फ्यूज, क्लचचा स्विच, न्यूट्रल आणि साइड स्टँडचा स्विच बघा. त्याआधी किल स्विच. लेकरांनी खेळताना तो लाल स्विच दाबून ठेवलेला असतो आणि गाडी टेम्पोत घालून मिस्त्रीकडे जाते.

पहिला आकडा: गाडी बंद

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून पिना बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. गाडी निदान तीन-चार तास उभी हवी, कारण नुकत्याच चाललेल्या गाडीची बॅटरी खोटा, चढा आकडा दाखवते. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १०.५ च्या आसपासच राहिली तर एक सेल मेलेला आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

चार्ज करताना क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट द्यायचा. ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणारा मोठा चार्जर तासाभरात ‘फुल’ करून देतो आणि त्याच तासात प्लेटा वाकवून ठेवतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, पुसा, घासा, घट्ट आवळा आणि वरून वॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना चासीला टेकला की ठिणग्या उडतात. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी, वरच्या रेघेपर्यंत. बोअरचं क्षारांचं पाणी तर अजिबात नको. हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तेच क्षार बॅटरीच्या आत जातात. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की पाणी झपाट्याने आटतं, तेव्हा पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघाच.

दुसरा आकडा: सेल्फ फिरताना

मीटर बॅटरीवरच ठेवून बटण दाबा. ९.५ व्होल्टच्या खाली घसरलं तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून संपलेली आहे. १० च्या वर टिकूनही सेल्फ रडत फिरत असेल तर वाटेतला अडथळा शोधा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून बटण दाबा. ०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चासीला जाणारी जोडणी) खराब आहे. चिखलाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत हा दोष फार, कारण काळी माती अर्थिंगच्या बोल्टभोवती ओल धरून बसते आणि खाली गंज चढतो. बोल्ट काढून घासला की काम होतं, खर्च शून्य. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत ०.५ व्होल्टपर्यंतची घट चालते.

रिले तपासायचा तर गाडी न्यूट्रलला ठेवून त्याचे दोन जाड टर्मिनल स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. मोटर फिरली तर दोष रिलेत किंवा बटणाच्या वायरिंगमध्ये, नाही फिरली तर मोटरमध्ये. पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग करू नका.

तिसरा आकडा: इंजिन चालू

खरी भानगड बहुतेक इथेच सापडते. भरलेली बॅटरी लावा, गाडी चालू करा, अर्ध्या रेसवर धरा. १३.५ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. रेस देऊनही १२.५ च्या आसपासच अडकलं तर बॅटरी भरतच नाही. १५ च्या पुढे गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बिघडलं आहे. बॅटरी उकळते, फुगते, बल्ब उडतात.

चार्ज होत नसेल तर दोष आरआर युनिटचा की मॅग्नेट कॉइलचा (इंजिन फिरताना वीज तयार करणारी), हे ठरवायला दोघांमधला कपलर, म्हणजे तारांचा प्लास्टिकचा जोड, सोडवा. कपलरच काळा पडला असेल, पिना जळून प्लास्टिक वितळलं असेल, तर शोध तिथेच थांबतो. बऱ्याच गाड्यांत कॉइलकडून तीन पिवळ्या तारा येतात. गाडी बंद ठेवून ओहमवर कोणत्याही दोन तारांमध्ये मोजा: साधारण एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखं यायला हवं. कोणतीही तार इंजिनच्या धातूशी जोडलेली दाखवत असेल तर कॉइल जळालेली आहे. मग मीटर एसीवर घेऊन, कपलर सुटाच ठेवून गाडी चालू करा. रेससोबत तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखं चढत गेलं, अर्ध्या रेसला ४०-५० च्या घरात पोचलं, तर कॉइल निर्दोष. आरआर युनिट किंवा पुढची वायरिंग बघा. एक जोडी मागे राहिली तर कॉइल बदला. जुन्या १०० सीसी गाड्यांत मात्र चार्जिंगला एकच तार असते आणि आकडेही बरेच कमी येतात, तिथे हा हिशेब लावू नका.

युनिट बदललं तरी पुन्हा जळतं, अशी तक्रार असते. जास्तीची वीज उष्णतेत घालवणं हेच अनेक युनिटचं काम, म्हणून त्याच्या पंख्यांना (अंगावरच्या धातूच्या पट्ट्यांना) वारा लागला पाहिजे. त्यावर चिखलाचं लिंपण असेल तर नवंही टिकणार नाही.

गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून ‘बंद पडते का बघू’ ही जुनी पद्धत आता सोडा. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि सीडीआय किंवा ईसीयू (ठिणगी आणि इंजिन सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक डबे) जातो. दोन टर्मिनल तारेने टेकवून ठिणगी बघणं तसंच.

तिन्ही आकडे बरोबर, तरी बॅटरी उतरते

मग चावी बंद असतानाही कुठेतरी करंट गळतोय. निगेटिव्ह तार काढून मीटर मिलिअँपिअरवर तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. चावी लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. साध्या गाडीत आकडा शून्याजवळ, घड्याळ-ईसीयू असलेल्या गाडीत काही मिलिअँपिअर हवा. २० मिलिअँपिअर गळती म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. ४ ची बॅटरी आठवड्यात झोपली. एकेक फ्यूज काढा, मग आरआर युनिटचा कपलर सोडा. ज्याने आकडा पडेल तो चोर. आधी संशय धरायचा तो नंतर बसवलेल्या मोबाइल चार्जरवर, मोठ्या हॉर्नवर आणि फॉगलाइटवर. गोठ्यात लावलेल्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडली आहे का, तेही बघा.

सेल्फ फिरतो, पण गाडी घेत नाही

प्लग काढा. ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. ठिणगी बघताना प्लग इंजिनला नीट टेकवून धरा, प्लगच्या भोकापासून लांब. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यात चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. बॅटरी पूर्ण मेली तर पंप फिरत नाही, आणि मग अशा बऱ्याच गाड्या किक मारून किंवा ढकलूनही चालू होत नाहीत.

बीड-धारूरकडे ऊसतोडीला माणसं गेली की घरी गाडी चार-पाच महिने उभी असते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती परत चार्ज धरत नाही. जाण्याआधी बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह तार काढून ठेवा, कार्बुरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही काढा, आणि घरी कोणी असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावायला सांगा.