राइट हेडच्या संशोधनाकडे पुण्यातून वळताना

पुण्यात ‘डेटा स्टोरेज’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा बॅकअपची सॉफ्टवेअरे किंवा क्लाउड येतो, आणि शहरातील नोकऱ्या पाहता ते स्वाभाविकही आहे. हा लेख मात्र हार्ड डिस्कच्या तबकडीवर प्रत्यक्ष बिट उमटवणाऱ्या राइट हेडविषयी आहे. भौतिकशास्त्र, मटेरियल सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक सायन्समध्ये एम.एस्सी. करताना ज्यांना चुंबकीय पदार्थांकडे वळावेसे वाटते, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून जे उपयोगी ठरेल तेवढेच येथे मांडत आहे.

नवखे विद्यार्थी बहुतेक वेळा वाचणारे हेड आणि लिहिणारे हेड यांत गल्लत करतात. २००७ चे नोबेल पारितोषिक अल्बर्ट फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना ज्या शोधासाठी मिळाले, त्या जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सने (चुंबकीय क्षेत्रामुळे पातळ थरांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याच्या परिणामाने) वाचणारे हेड बदलले. लिहिणारे हेड तत्त्वतः आजही एक सूक्ष्म विद्युतचुंबकच आहे. कॉइलमधून प्रवाह सोडायचा, मऊ (सहज चुंबकित होणाऱ्या आणि सहज उलटणाऱ्या) चुंबकीय पदार्थाच्या पोलमधून, म्हणजे टोकामधून, क्षेत्र तबकडीपर्यंत न्यायचे आणि प्रवाहाची दिशा उलटवून बिट उलटवायचा, हे १९५६ च्या आयबीएम रामॅक या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रापासून चालत आले आहे.

अवघड आहे ते आकारमान. एका चौरस इंचात १ टेराबिट बसवायचे तर एका बिटाच्या वाट्याला सुमारे ६४५ चौरस नॅनोमीटर, म्हणजे साधारण २५ नॅनोमीटर बाजूचा चौरस येतो. हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. बिट लहान करायचा तर त्यातील चुंबकीय कणही लहान हवेत, लहान कण खोलीच्या तापमानालाच आपली दिशा विसरू नयेत म्हणून त्यांचा पदार्थ अधिक ‘कठीण’ (चुंबकत्वाची दिशा सहजी न बदलणारा) हवा, आणि कठीण पदार्थावर लिहायला अधिक तीव्र क्षेत्र हवे. पोलच्या पदार्थाला मात्र मर्यादा आहे: सुमारे ८० टक्के निकेल असलेला परमॅलॉय १ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो (त्याहून अधिक चुंबकित होत नाही), तर लोह-कोबाल्टची मिश्रधातू साधारण २.४५ टेस्लापर्यंत जाते, आणि नेहमीच्या मिश्रधातूंत त्यापुढे वाट नाही.

त्यामुळे ‘अधिक तीव्र क्षेत्र’ एवढेच उद्दिष्ट धरून प्रकल्प निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या दोन दशकांतील बरीचशी सुधारणा क्षेत्र किती आहे यापेक्षा ते किती थोड्या अंतरात उतरते, यावर झाली आहे. २००५ पासून लंब दिशेचे रेकॉर्डिंग, म्हणजे बिटाचे चुंबकत्व तबकडीला काटकोनात उभे ठेवून लिहिणे, बाजारात आले. त्यानंतर पोलच्या मागच्या कडेला आणि कालांतराने दोन्ही बाजूंनाही चुंबकीय कवच बसवले गेले. कवच काही क्षेत्र गिळते, परंतु त्याच्या बदल्यात बिटाची कड रेखीव होते आणि शेजारच्या ट्रॅकवरील मजकूर बिघडत नाही. लेसरने तबकडी तापवून लिहिण्याच्या पद्धतीतही हाच विचार आहे. सोन्याचा समावेश असलेली सूक्ष्म रचना प्रकाश काही दहा नॅनोमीटरच्या ठिपक्यात एकवटते, लोह-प्लॅटिनमचा थर क्षणभर मऊ होतो, आणि बिटाची कड मुख्यतः तापमानाच्या उतारावर ठरते. २०२४ मध्ये सीगेटने या पद्धतीने एका तबकडीवर ३ टेराबाइटहून अधिक माहिती बसवणाऱ्या ड्राइव्ह जाहीर केल्या. याउलट, प्रवाह थांबल्यावरही पोलमध्ये चुंबकत्व शिल्लक राहून लिहिलेले पुसले जाण्याचा दोष जुना असूनही शिकण्यासारखा आहे, कारण त्यावरील उपाय म्हणजे पोल पातळ अचुंबकीय थरांनी विभागणे, आणि तो विद्यार्थ्यालाही करून पाहता येतो.

पुण्यात हेड बनवणारा कारखाना नाही. हेड ज्या चकत्यांवर घडवली जातात त्या वेफरचे काम कॅलिफोर्निया, मिनेसोटा, उत्तर आयर्लंड अशा ठिकाणी चालते. तरीही लोह-कोबाल्टचा पातळ थर इलेक्ट्रोप्लेटिंगने देण्यासाठी फार महागडी यंत्रसामग्री लागत नाही. बाथमधील (प्लेटिंगच्या द्रावणातील) फेरस लोह हवेने फेरिक होते आणि पृष्ठभागाजवळ पीएच वाढताच त्याचे हायड्रॉक्साइड थरात अडकून चुंबकन घटवते; म्हणून बाथ आम्लयुक्त ठेवणे, बोरिक आम्ल घालणे, अंतर्गत ताण कमी करण्यासाठी सॅकरिन वापरणे आणि द्रावणाचा रंग पिवळसर झाला की ते निमूटपणे टाकून देणे, ही शिस्त पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी. मोजमाप करताना व्हीएसएम (नमुना कंपित करून चुंबकन मोजणारा मॅग्नेटोमीटर) निकेलच्या प्रमाणित नमुन्याने कॅलिब्रेट करावे आणि सब्स्ट्रेटचे (थराखालच्या आधाराचे) डायामॅग्नेटिक, म्हणजे क्षीण उलट चुंबकत्वाचे, योगदान वजा करावे. थराच्या जाडीतील १० टक्के त्रुटी चुंबकनाच्या आकड्यात जशीच्या तशी उतरते, त्यामुळे उत्तर २.६ टेस्ला आले तर आनंद मानण्याऐवजी जाडी पुन्हा मोजावी.

चुंबकीय सिम्युलेशनसाठी अमेरिकेच्या निस्ट या मापन-मानक संस्थेचे ओओएमएमएफ आणि गेंट विद्यापीठाचे म्युमॅक्स३ ही दोन्ही सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत, आणि दुसरे तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर घरच्या घरी चालते. थेट हेडची रचना काढायला बसू नये. आधी ५०० बाय १२५ बाय ३ नॅनोमीटरच्या परमॅलॉय पट्टीचे, निस्टच्या प्रमाणित उदाहरणांच्या संचातील चौथे उदाहरण सोडवून प्रसिद्ध उत्तराशी जुळवावे, नंतर सेलचा (गणनेसाठी पट्टी ज्या चौकटींत विभागतात त्यांचा) आकार निम्मा करून उत्तर स्थिर राहते का ते पाहावे. परमॅलॉयमध्ये सेल सुमारे ५ नॅनोमीटरपेक्षा मोठा ठेवला तर चित्रे सुंदर येतात आणि निष्कर्ष चुकतात.

प्रवेशासाठी जॅम, गेट आणि नेट हे नेहमीचेच मार्ग आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर किंवा सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांवर संशोधन करणारी सरकारी संस्था) येथे मार्गदर्शक निवडताना प्रयोगशाळेच्या नावापेक्षा मॅग्नेटोमीटरवर विद्यार्थ्याला स्वतः बसू देतात का, हे तेथील वरिष्ठ विद्यार्थ्यांना विचारावे. पुढे पीएच.डी.साठी कार्नेगी मेलन, मिनेसोटा किंवा जपानमधील तोहोकू विद्यापीठाकडे अर्ज करणार असाल, तर ज्या प्राध्यापकांना पत्र लिहाल त्यांना एकच स्वच्छ हिस्टेरेसिस आलेख (क्षेत्र वाढवता-घटवताना चुंबकन कसे बदलते त्याचा) पाठवा, आणि त्यासोबत थराची जाडी कशी मोजली ते लिहा.