सायकल आहे म्हणून सिग्नल माफ नाही: चौकात होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात कुठल्याही मोठ्या चौकात दहा मिनिटं नुसतं उभं राहून सायकलवाल्यांकडे बघा. लाल लागलेला असतो, गाड्या थांबलेल्या असतात, आणि एक सायकल फटीफटीतून अलगद पुढे येते, झेब्रावरून सरकते, दोन्हीकडे जराशी मान वळवते की गेली पलीकडे. मामा पण बघून न बघितल्यासारखं करतात. मागे बुलेटवर बसलेला मात्र म्हणतो, हे बघा, आम्हालाच फक्त चलान.

आपल्याला सोयीचं असेल तेव्हा आपण पादचारी होतो आणि सोयीचं असेल तेव्हा वाहन. लाल लागला की पादचारी, हिरवा लागला की गाडी. आणि चौकातल्या बाकी लोकांना कळतच नाही की हा माणूस आत्ता नेमका कोण आहे. खालच्या बहुतेक चुका ह्या एकाच सवयीतून येतात.

"आपल्याला कोण पकडणार" हा हिशोब

हे बरोबर आहे की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल मोटार वाहन धरत नाहीत, त्यामुळे लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही आणि कॅमेऱ्याने फोटो काढला तरी ई-चलान कुणाच्या नावावर फाडणार. अडीचशे वॉटपेक्षा कमी आणि ताशी २५ च्या आतली बॅटरीवाली सायकल पण त्यातून बाहेर आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये वाहन म्हणजे काय ते सांगताना सायकल धरलेली आहे आणि रस्त्यावरच्या सगळ्या वाहतुकीला नियम लावायचे अधिकार कलम ३३ खाली पोलिसांकडे आहेत. बेदरकार चालवल्याबद्दलचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं २८१, जुनं २७९, ते पण नुसतं वाहन म्हणतं, मोटार म्हणत नाही. तेव्हा सायकलला कायदाच नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा थांबा.

आणि चलान सोडा, खरा फटका वेगळाच आहे. गाडीने उडवलं आणि तुम्ही नुकसानभरपाई मागायला मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलात तर जखमी माणसाची स्वतःची चूक किती होती हे तिथे बघतात आणि त्या प्रमाणात रक्कम कापतात. चौकात सीसीटीव्ही असतो. तुम्ही लालमध्ये घुसलेले त्यात दिसलात की समोरच्या वकिलाचं अर्धं काम झालं.

कुणीतरी लगेच म्हणणार, परदेशात सायकलला लालमध्ये जाऊ देतात. देतात की. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९८२ पासून तसा नियम आहे, पण तिथे पण लाल असेल तर आधी पूर्ण थांबायचं, मग रस्ता मोकळा असेल तरच निघायचं. पॅरिसमध्ये काही चौकांत बोर्ड लावून मुभा दिलेली आहे, तीही चालणाऱ्याला आधी जाऊ देऊन. आपल्याकडे ‘थांबायचं’ हा भाग गाळून बाकीचा नियम इम्पोर्ट करतात लोक.

पिवळ्यात घुसणं (ही सगळ्यात महागातली चूक)

लाल तोडणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण तोडतोय. पिवळ्यात घुसणाऱ्याला वाटतं आपण नियमात आहोत. आता साधं गणित बघा. थांब्याच्या रेषेपासून पलीकडच्या टोकापर्यंत चाळीस मीटरचा चौक धरा. स्कूटर ताशी ४० ने गेली तर चार सेकंदांच्या आत पार. तुम्ही ताशी १५ ने चाललाय, म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या आसपास, तुम्हाला जवळजवळ दहा सेकंद लागणार. पिवळा असतो तीन ते पाच सेकंद, त्यानंतर सगळीकडे लाल असा एखाद-दोन सेकंद असला तर असला. म्हणजे तुम्ही पिवळा लागता लागता आत शिरलात तर आडव्या रस्त्याला हिरवा मिळतो तेव्हा तुम्ही चौकाच्या मधोमध आहात, एक पाय पेडलवर जोर देतोय आणि डावीकडून तीस टूव्हीलर सुटल्यात. त्यात आपल्याकडे काउंटडाउन असतो, तीन आकडा दिसला की पब्लिक निघतं, शून्याची वाट कोण बघतंय. पिवळ्याची वेळ इंजिनवाल्यांच्या स्पीडवर धरलेली असते, सायकलच्या नाही.

उपाय काय, तर लांबूनच काउंटर वाचायचा. हिरव्याचे पाच-सहा सेकंद उरलेत आणि तुम्ही अजून रेषेच्या अलीकडे आहात तर पेडल मारणं सोडून द्या आणि आरामात थांबा. जोर लावून गाठू असं वाटतं तेव्हा हमखास गाठता येत नाही, चढाचा चौक असेल तर विचारूच नका. काउंटर नसेल तर हिरवा कधीपासून चालू आहे ते बघा, तुम्ही येताना आधीपासूनच हिरवा होता म्हणजे तो ‘शिळा’ हिरवा, कधीही जाईल असं धरून चाला.

अलका टॉकीज चौकासारख्या ठिकाणी आणखी एक लफडं असतं, इतके रस्ते येऊन मिळतात की पुढचा नंबर कुणाचा हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. "तिकडचे थांबलेत म्हणजे मोकळं आहे" हा अंदाज तिथे साफ चुकतो.

डाव्या कडेला चिकटून उभं राहणं आणि मग हॉर्न खाऊन पुढे सरकणं

ही चूक कुणी चूक म्हणून सांगतच नाही. आपल्याला शिकवलेलं असतं सायकल एकदम डावीकडे, म्हणून सिग्नलला पण आपण एकदम डावीकडे उभे राहतो आणि ती असते फ्री लेफ्टची, म्हणजे लाल असतानाही डावीकडे वळायला मुभा असलेली लेन. मागून रिक्षा येते, पॉं पॉं सुरू. आपण दोन फूट पुढे, परत पॉं पॉं, आणखी दोन फूट, असं करत झेब्राच्या पुढे जाऊन पोचतो, तिथे उभं राहून आता सिग्नल दिसतही नाही कारण खांब मागे राहिला, मग काय करणार, जातो निघून. म्हणजे सिग्नल तोडायचा असं मनात नसताना तुटतो. सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्यांची जागा मोकळी सोडून सरळच्या लेनच्या डाव्या भागात, रेषेच्या मागे उभे राहा. तिथे हॉर्न वाजला तर खुशाल वाजू द्या, त्याला पण लालच आहे.

आणि फ्री लेफ्ट सगळीकडे नसतो बरं का. बोर्ड किंवा वेगळी लेन असेल तिथेच.

बस, डंपरच्या डाव्या बगलेत शिरणं

सिग्नलला डंपर उभा आहे, त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये सायकलपुरती फट आहे, आपण जातो त्यातून पुढे. ड्रायव्हर बसलाय उजवीकडे, उंचावर. त्याच्या डाव्या दाराला लागून खाली जे काही आहे ते त्याला काचेतून दिसत नाही आणि आरशात पण धड दिसत नाही. हिरवा लागतो, तो डावीकडे वळतो, आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूला ओढली जातात, म्हणजे तुम्ही उभे आहात बरोबर त्या जागेवर. इंडिकेटर दिलेला नसणार हे गृहीत धरा. मोठी गाडी उभी असेल तर तिच्या मागे थांबा, धूर खावा लागतो हे मान्य आहे, पण फटीत जाऊ नका. अगदीच पुढे पोचला असाल तर बगलेत न राहता ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतकं समोर, पण झेब्रावर न चढता. जागा नसेल तर उतरून फुटपाथवर.

उजवीकडे वळताना तिरकं कापणं

सायकलवर उजवा टर्न म्हणजे तीन लेन ओलांडत मध्ये येणं, मागे बघत, हात दाखवत, आणि तेवढं जमत नाही म्हणून बरेच जण लाल असतानाच, रस्ता रिकामा दिसला की तिरके सुटतात. त्यापेक्षा दोन टप्प्यांत वळा. हिरवा लागला की सरळ पलीकडे जा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकलचं तोंड उजवीकडे फिरवा आणि त्या रस्त्याला हिरवा मिळाला की त्यांच्याबरोबर सरळ निघा. एक सिग्नल जास्त लागतो इतकंच. घाई असेल तर उतरा आणि झेब्रावरून हातात धरून न्या, चालणाऱ्यांचा सिग्नल असेल तेव्हा. हातात धरलेली सायकल असली की तुम्ही खरोखरचे पादचारी, बसून गेलात तर नाही. झेब्रावरून जाणारे आजी-आजोबा गाडीच्या आवाजावर अंदाज घेतात आणि सायकलला आवाजच नसतो.

हिरवा लागला आणि सायकल हलेना

बरेच जण लालला थांबत नाहीत त्याचं खरं कारण परत सुरू करायचा कंटाळा हे आहे. पण तो कंटाळा येतो कारण थांबताना गिअर जड ठेवलेला असतो. मागची चकती लहान, हिरवा लागला, उभं राहून जोर देतो, चेन खटकन उडते, हँडल डुगडुगतं, मागून शिव्या. थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच, दोन-तीन गिअर हलके करा. थांबल्यावर गिअर बदलून उपयोग नाही, चेन फिरल्याशिवाय बदलतच नाही. उजवं पेडल वर आणि थोडं पुढे आणून ठेवा, डावा पाय जमिनीवर, निघताना पहिल्याच दाबाला सायकल सरळ निघते. पेडलला अडकणारे क्लिपवाले शूज असतील तर रेषेच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवून घ्या.

पावसाळ्यात आणखी एक. रिमला लागणारे ब्रेक ओले असले की पहिला क्षणभर पकडतच नाहीत, त्यामुळे लांबूनच हलकेच दाबून पाणी पुसून घ्या. आणि झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर करकचून ब्रेक नको, त्या ओल्या झाल्या की चाक सटकतं. ब्रेक लागत नाही म्हणून पुढे गेलो हे कारण जून ते सप्टेंबर फार ऐकायला मिळतं.

रविवारचा ग्रुप आणि स्ट्राव्हा

पहाटे सिंहगडाकडे किंवा लोणावळ्याकडे निघालेला वीस जणांचा ग्रुप, पुढचे आठ हिरव्यात गेले, मधले पिवळ्यात, उरलेले "चला चला" करत लालमध्ये. एकसारखी जर्सी घालून हे करतात वर. ग्रुप तुटला तर तुटू द्या, पुढच्यांनी चौक ओलांडून कडेला थांबायचं हे निघायच्या आधीच ठरवा म्हणजे मागच्याला घाई होत नाही. ॲव्हरेज पडेल म्हणून सिग्नल तोडणाऱ्यांसाठी: स्ट्राव्हा, म्हणजे राइड नोंदवणारं ॲप, ॲव्हरेज स्पीड चालत्या वेळेवर काढतं, उभं राहिलेला वेळ त्यात धरत नाही. सेगमेंटला, म्हणजे ॲपवर वेळेची चढाओढ लावायच्या रस्त्याच्या ठरावीक तुकड्याला, मात्र सगळा वेळ धरतात, मग ज्या सेगमेंटमध्ये सिग्नल येतो त्याच्या मागे लागायचंच कशाला.

पहाटे बरेच सिग्नल ब्लिंकरवर असतात. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबा, बघा, मग जा. पिवळा लुकलुकत असेल तर हळू करून बघत जा. आणि चौकात पोलीस उभा राहून हात दाखवत असेल तर दिव्याकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं.

पोरगं मागे छोट्या सायकलवर असेल तर तुम्ही निघालात की ते निघणारच, त्याला दिव्याशी देणंघेणं नसतं, ते तुमच्या पाठीकडे बघत असतं. हिरवा संपत आला असेल तर दोघांनी थांबायचं, आणि निघताना पोराला आपल्या डाव्या हाताला घ्यायचं.

सगळं बरोबर करून पण चौक पार होत नसेल तर

काही चौकांत हिरव्याच्या सुरुवातीला निघालं तरी सायकल पलीकडे पोचायच्या आत आडवी वाहतूक सुटते. तिथे चूक तुमची नाही, सिग्नलच्या टायमिंगची आहे. अशा वेळी मित्राला फुटपाथवर उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यात काउंटर आणि तुम्ही दोन्ही दिसले पाहिजेत. चौकाचं नाव, कुठून कुठे जाताना, किती वाजता आणि हिरवा किती सेकंद होता हे लिहून वाहतूक पोलिसांना आणि महापालिकेला दोन्हीकडे पाठवा, एकाकडेच पाठवलं तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात. "सिग्नल खराब आहे" एवढंच लिहिलं तर दिवे चालू आहेत का बघून तक्रार बंद करतील, सेकंद लिहा.