भंगारातला तुकडा कसला, हे ओळखायचं कसं

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये नवीन पोरगं आलं की आधी हातात लोहचुंबक देतो. चिकटलं तर लोखंडाच्या जातीचं. नाही चिकटलं म्हणून लगेच ॲल्युमिनियम समजू नका. ३०४ स्टेनलेसही (न गंजणाऱ्या स्टीलचा एक प्रकार) सहसा चिकटत नाही, पण तेवढ्याच आकाराचं ते ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड.

खरी मजा ग्राइंडरवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चाकावर. चष्मा आधी! माइल्ड स्टीलची (कमी कार्बनच्या साध्या पोलादाची) ठिणगी लांब, पिवळसर, फाटे कमी. कार्बन वाढला की ती फुलबाजीसारखी फुटते. बीडाची (ओतीव लोखंडाची) आखूड, लालसर. बीडात कार्बन २ टक्क्यांच्या वर, बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत. म्हणून हातोड्यानं वाकत नाही, तुटतं. माइल्ड स्टील वाकतं, कारण मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी धरलेले अणूंचे थर सरकले तरी बंध टिकतो. सिरॅमिकला ही सवलत नाही, तडकतंच. ॲल्युमिनियम मात्र चाकाला लावू नका, मऊ धातू अडकून चाक भरतं.