थंडीआधी गिझर तपासताना: सांभाळायचा, दुरुस्त करायचा की बदलायचा?

नागपुरात गिझरची आठवण कोजागिरी झाली की होते. मार्च लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपणच तापतं, त्यामुळे गिझर सात-आठ महिने पाण्याने भरलेला आणि बंद, तसाच भिंतीवर राहतो. थंडी येते तेव्हा मात्र जोरात येते. डिसेंबर २०१८च्या अखेरीस इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशा आठवड्यात मिस्त्री फोन उचलत नाही आणि घाईघाईत जो दुकानात समोर दिसेल तो गिझर घरी येतो. म्हणून हे काम दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधीच उरकून घ्या.

मिस्त्रीला बोलावण्याआधी गिझरच्या अंगावरची पट्टी वाचा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. किती लिटर, किती वॅट, कोणत्या वर्षी बनला, आयएसआयचा शिक्का आहे का, हे सगळं तिथेच असतं. बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून काढा. टाकीची, कॉइलची आणि पूर्ण गिझरची वॉरंटी बहुधा वेगवेगळी असते. कॉइलची संपली तरी टाकीची चालू असू शकते, आणि महाग भाग तोच आहे.

मग पाणी कुठलं येतं ते बघा. पेंच-कन्हानचं, म्हणजे महापालिकेच्या नळाचं पाणी येणाऱ्या घरातला गिझर आणि बेसा किंवा मनीषनगरकडच्या निव्वळ बोअरवर चालणाऱ्या घरातला गिझर एकाच वयाचे असले तरी सारखे जुने नसतात. बादलीच्या कडेला आणि शॉवरच्या छिद्रांवर पांढरा थर बसत असेल, तर तोच क्षार गिझरच्या आत त्याहून जास्त बसतो, कारण पाणी तापलं की क्षार सुटून बाहेर पडतो. अशा घरात दरवर्षी आतून सफाई हवीच. नळाचं पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी चालतं.

आता गिझर सुरू करायचा, पण बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि धार अखंड येईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात प्लंबरने काही काम केलं असेल तर टाकी रिकामी असू शकते, आणि कोरडी कॉइल पाहता पाहता जळते. महिनोन् महिने साठलेलं ते पहिलं पाणी अंगावर घेऊ नका, सोडून द्या. सोडताना रंग बघा. गार नळाचं पाणी स्वच्छ आणि गरम नळाचंच तांबूस येत असेल, तर टाकी किंवा गिझरचे पाइप आतून गंजू लागले आहेत.

तापायला किती वेळ लागतो तेही मोजा. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण वीस-बावीस मिनिटं घेतो आणि वीज जाते जेमतेम पाऊण युनिट. दिवा लवकर बंद होतो पण पाणी कोमटच, असं होत असेल तर पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट बिघडला आहे किंवा त्याच्या नळीभोवती क्षार जमला आहे. आतून तडतड आवाज येत असेल तर कॉइलवर थर चढला आहे. कटआउट, म्हणजे पाणी अति तापलं की वीज तोडणारं बटण, पुन्हा पुन्हा पडत असेल तर ते नुसतं दाबून वापरत राहू नका. ही सगळी दुरुस्तीची कामं आहेत, गिझर बदलायची नव्हेत.

वीजेच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही 'पाहू नंतर' ऐकून घेत नाही. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर त्याच क्षणी एमसीबी पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत गिझर लावूच नका. कॉइलच्या आवरणाला तडा गेला की करंट पाण्यात उतरतो, आणि ओल्या अंगाच्या माणसाला तो सोडत नाही. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात. म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट, किमान अडीच एमएमची तांब्याची वायर, खरी अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच) एवढं असायलाच हवं. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि त्यामागे अर्थिंगची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती तपासून घ्या. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर हा खर्च गिझरच्याही आधीचा.

आता गळती. ठेवायचा की बदलायचा, ते इथेच ठरतं. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर तो बिघाड नाही. तापल्यावर पाणी फुगतं, २५ लिटरमागे साधारण ३५० मिलिलिटर, आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट खिळा ठोकून किंवा बूच लावून बंद केलेली मी पाहिली आहे. असं कृपा करून कधीही करू नका, टाकी फुटू शकते. तिथे एक बारीक नळी लावून ती मोरीकडे सोडा. कॉइलच्या झाकणाभोवती ओल असेल तर रबरी गॅस्केट गेलं आहे, ते स्वस्तात बदलतं. पण पाणी पत्र्याच्या आतून, बुडाच्या सांध्यातून झिरपत असेल, तर टाकी गेली. तिला डाग देऊन किंवा एमसील लावून पुढचा हिवाळा निघत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह हे सगळं बदलता येतं. टाकी गेली की गिझर गेला.

टाकी शाबूत असेल तर मिस्त्रीकडून गिझर तुमच्यासमोर उघडून घ्या. कॉइल बाहेर आली की तिच्यावर खडूसारखा पांढरा थर दिसेल आणि बुडातून क्षाराच्या खपल्या निघतील. कॉइलच्या बाजूला मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, त्यासाठीच ती बसवलेली असते. आतली तार उघडी पडली असेल तर कांडी बदला. बरेच मिस्त्री तिचा विषयच काढत नाहीत, आपण विचारावं लागतं. सफाईला संडासाचं अ‍ॅसिड ओतू देऊ नका, धातू खाल्ला जातो. लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात कॉइल भिजवली की थर सुटतो. एकदा उघडलाच आहे तर गॅस्केट नवं टाका.

दुरुस्तीचा खर्च नव्या गिझरच्या निम्म्यावर जात असेल आणि गिझर आठ-दहा वर्षांचा असेल, तर मी नवा घेईन. त्याहून तरुण असेल तर दुरुस्तच करीन.

नवा घेताना आधी बादल्या मोजा. ६० अंशांचं पाणी आणि २० अंशांचं गार पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की अंघोळीचं ४० अंशांचं होतं, म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून २० लिटरच्या दीड बादल्या. दोघांना पुरतं, चौघांच्या घरात सकाळची घाई असेल तर २५ लिटर घ्या. उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर गिझर किती बारचा, म्हणजे किती दाब सोसणारा आहे ते विचारा, कारण दर १० मीटर उंचीला १ बार दाब वाढतो. वीजबचतीच्या स्टारचा फायदा गिझर तासन् तास चालू ठेवणाऱ्यांना जास्त. अंघोळीपुरता लावून बंद करणार असाल तर स्टारपेक्षा टाकीची वॉरंटी बघा. स्वतःची गच्ची असेल तर सोलरचा विचार जरूर करा, नागपूरला उन्हाची कमी नाही. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. आणि जुन्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून असेल तर तो भंगारात काढू नका; लाइन गेली की अंगणात पेटवायला तोच कामी येतो.

बसवताना नुसत्या टाइलवर नव्हे, पक्क्या विटांच्या भिंतीत बोल्ट गेले आहेत ना ते बघा; भरलेला २५ लिटरचा गिझर ३० किलोच्या वर जातो. थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा, त्याच्या वर क्षार झपाट्याने जमतो. बसवल्याची तारीख मार्करने गिझरच्या अंगावरच लिहा आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नका.