जुन्या पीसीवर लिनक्स बसत नाहीये? आधी हे तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या इंदूरात ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं की जुन्या डब्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, चालेल का. चालतं हो. फक्त बसवताना अडकलं की लोक लगेच दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा प्रकार) डाउनलोड करत बसतात आणि तिथेच दोन दिवस जातात, कारण बहुतेक वेळा चूक लिनक्सची नसतेच.

रामबागेतल्या मावशींचा डेस्कटॉप घ्या, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम. सगळ्यात आधी फोटो न् कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घेतली, हे टाळू नका, इन्स्टॉलरमध्ये एक चुकीचं क्लिक आणि सगळं साफ होतं.

मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर बूट मेनूत, म्हणजे पीसी कशावरून सुरू करायचा त्या यादीत, दिसेचना. इतक्या जुन्या बोर्डांवर पीसी सुरू करणारं साधारण जुन्या पद्धतीचं लेगसी बायोसच असतं, नवं यूईएफआय नाही, आणि मी रुफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवली होती, ती यूईएफआयसाठीची. जुन्या बायोसला चालणारी एमबीआर स्कीम करून पुन्हा बनवला, कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टात लावला, लगेच दिसला. रुफसमध्येच आयएसओ (लिनक्सची डाउनलोड केलेली फाइल) निवडल्यावर बाजूला चेकसमचं, म्हणजे फाइल नीट उतरली का ते तपासायचं, बटण आहे, तो एसएचए२५६ आकडा डाउनलोड पानावरच्या आकड्याशी जुळवून बघा, अर्धवट उतरलेली फाइल फार छळते.

स्क्रीनवर ६४-बिट सीपीयू पाहिजे असा मेसेज आला तर मात्र मशीनच ३२-बिट आहे. उबुंटू या डिस्ट्रोवर आधारलेल्या लिनक्स मिंटची शेवटची ३२-बिट आवृत्ती १९.३, तिचा सपोर्ट २०२३ मध्येच संपला, आणि डेबियन १३ या दुसऱ्या डिस्ट्रोला ३२-बिट इन्स्टॉलरच नाही. अशा मशीनला अँटीएक्स हे डिस्ट्रो बघा, हलकं आहे.

मिंट सुरू झालं आणि लोगोनंतर स्क्रीन काळी? हा ग्राफिक्सचा प्रश्न. मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा, किंवा ग्रबच्या (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) मेनूत ई दाबून लिनक्सने (linux) सुरू होणाऱ्या ओळीत क्वाएट स्प्लॅशच्या (quiet splash) पुढे नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि एफ१० दाबा. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना हेच पुन्हा होऊ शकतं, घाबरू नका, तेव्हा शिफ्ट दाबून धरा म्हणजे ग्रब येईल, तिथेही तेच लिहा.

आता हँग होण्याचं, आणि इथे थोडं थांबून बघायला लागतं. दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर पेनड्राइव्ह, आयएसओ किंवा हार्ड डिस्क. दर वेळी वेगवेगळ्या जागी अडकत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. प्लग काढा, पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरने हलक्या हाताने पुसा, एक-एक पट्टी लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, निदान एक पूर्ण फेरी तरी होऊ द्या. मावशींच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब निघाली, बदलली आणि इन्स्टॉल एका दमात झालं.

तरी दुसऱ्या दिवशी बूट ऑर्डर परत जुनीच आणि तारीख २००९ ची! मदरबोर्डवरचा गोल सेल गेला होता, सीआर२०३२, जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटात सहज मिळतो. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो न् अपडेटही अडतात, म्हणून नेटला दोष द्यायच्या आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) चालू करा, बहुतेक लगेच नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर टाका. आणि २ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्तीच घ्या, ब्राउझरमध्ये तीन-चार टॅबच्या वर नको, मावशींना भजनं ऐकायला आणि नातवाशी मेलवर बोलायला तेवढं पुरतंय.