गीझरची वीज जाते कुठे, आणि वाचवायची कशी

१ लिटर पाणी १ अंशाने तापायला १ किलोकॅलरी लागते आणि १ युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट, आणि २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण १८ मिनिटं. कुठलाही कॉइलचा गीझर आणा, हा हिशोब तोच राहतो. त्यामुळे बचत दोनच ठिकाणी होते: गरम पाणी किती वापरता आणि तापलेलं पाणी किती वेळ पडून राहतं.

आधी वापराकडे बघा, मोठा खर्च तिथेच आहे. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये २५ अंशांचं २० लिटर मिसळलं की अंघोळीजोगं, ४० अंशांचं ३५ लिटर पाणी होतं. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते साडेतीन मिनिटांत संपतं, ६ लिटरच्या शॉवरखाली जवळजवळ सहा मिनिटं पुरतं. तुमचा शॉवर किती सोडतो ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा.

एका दांडीचा मिक्सर असेल तर दांडी एरवी पूर्ण गार बाजूला ठेवा. ती मधोमध राहिली की हात धुताना टाकीतलं गरम पाणी पाइपात शिरतं, नळापर्यंत पोचायच्या आत हात धुऊन होतात आणि ते तिथेच निवतं. आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावतं. १० मीटरचा पाइप असेल तर दर खेपेला पावणेदोन लिटर वाया. म्हणून गीझर न्हाणीघराच्या जितका जवळ तितका चांगला, आणि उघड्या पाइपावर फोमची नळी चढवाच.

गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल तर वॉशर आजच बदला. तासाला १ लिटर म्हणजे दिवसाला २४ लिटर. गीझर सतत चालू असेल तर जवळजवळ १ युनिट.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारी कळ, ६० अंशांवर ठेवा. त्यापुढे उष्णता जास्त निसटते आणि क्षार भराभर बसतात. बचतीसाठी ४५ वर मात्र आणू नका: २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात.

गीझर चालू-बंद केला तर जास्त वीज लागते, हा गैरसमज आहे. टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ उष्णता निसटतच राहते. अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, मग बंद करा.

क्षारांमुळे वीज फार वाढते असंही म्हणतात. खरं तर कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण क्षारांच्या थराखाली कॉइल स्वतः फार तापते आणि जळते, शिवाय गाळामुळे टाकीत पाणी कमी मावतं. पाणी जड असेल तर दरवर्षी साफसफाई करा. गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करा, पाणी निवू द्या, इनलेटचा (पाणी आत येण्याचा) कॉक बंद करून टाकी रिकामी करा. फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या झाकणाचे, नट काढून कॉइल बाहेर घ्या. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून तिचा क्षार बसलेला भाग काही तास बुडवा; टर्मिनल (वायर जोडायची टोकं) कोरडे राहिले पाहिजेत. ठोकून किंवा खरवडून क्षार काढू नका, कॉइलला चीर जाते. टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियम रॉड निम्म्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला, नाहीतर गंज टाकीला लागेल. गॅस्केट (झाकणाखालचं रबर) नवंच घाला आणि अर्थिंगची तार घट्ट आहे का ते बघा. जोडून झाल्यावर गरम नळातून हवा न येता सलग धार लागेपर्यंत पाणी भरा, तोवर वीज लावायची नाही. कोरडी कॉइल थोड्याच वेळात जाते.

तापताना जास्तीचा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी टपकलं तर तो बिघाड नव्हे. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे त्याला मागे जाता येत नाही. गीझर बंद असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हची दांडी उचलून आतला कचरा वाहू द्या. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला किंवा लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हचं पाणी टपकणारं छिद्र कधीही बुजवू नका, दाब वाढून टाकी फुटू शकते.